‘थांब, अजून उतरेल’

पत्र असं आहे:

‘आई-बाबांच्या लग्नाला यंदा ४० वर्षं होतायत. त्यांना घेऊन क्रूझवर जायचं हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरलं होतं. आम्ही सहा जण: आई-बाबा, मी, नवरा आणि दोन मुलं (१४ आणि ९). नवऱ्याला कुणीतरी सांगितलं की जहाज सुटायच्या पंधरा दिवस आधी केबिन निम्म्या किमतीत विकतात. तेव्हापासून घरात एकच पालुपद, थांब, अजून उतरेल. थांबता थांबता मुलांची ऑक्टोबरअखेरची सुट्टी पाच आठवड्यांवर आली. अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून सुटणारी ग्रीस-तुर्कस्तानची सात रात्रींची एक सफर परवा खरंच बरीच उतरली आहे. पुढे ‘गॅरंटी केबिन’ असं लिहिलंय. मी म्हणते आत्ताच घेऊ. नवरा म्हणतो, आणखी दहा दिवस कळ काढ. बाबा मधुमेहासाठी इन्सुलिन घेतात, आईचे गुडघे दुखतात. आई रोज फोनवर विचारते, बॅग भरू का? काय सांगू तिला? — बॅग न भरलेली’

प्रिय ताई,

आईंना सांगा, दोन दिवस थांब. दहा नव्हे, दोनच. तेवढ्या वेळात तीन प्रश्नांची उत्तरं मिळतात आणि बॅग भरायची की परत माळ्यावर टाकायची ते ठरतं. तिन्ही उत्तरं मनासारखी आली तर परवा पैसे भरून मोकळ्या व्हा. एक जरी वाकडं आलं तर ही सफर सोडून द्या, मग ती कितीही उतरलेली असो. प्रश्न सांगतेच, पण आधी थोडी तुमच्या नवऱ्याची बाजू घेते. पत्र वाचून वाटलं, घरात सध्या ती घेणारं कुणी नाही.

तो अगदीच चुकीचं ऐकून आलेला नाही. क्रूझचा हा सगळा धंदा रिकाम्या जहाजातूनच जन्माला आला. हॅम्बुर्गच्या ‘हापाग’ या कंपनीची ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ नावाची बोट अटलांटिकपार माणसं नेत-आणत असे. हिवाळ्यात त्या गारठलेल्या, खवळलेल्या समुद्रातून जायला प्रवासी मिळत नसत आणि बोट धक्क्याला बांधून ठेवली तरी तिचा खर्च थांबत नसे. तेव्हा कंपनीच्या अल्बर्ट बालिननी जानेवारी १८९१ मध्ये तीच बोट नुसतं फिरायला म्हणून भूमध्य समुद्रात धाडली. २४१ प्रवासी होते. कुठे पोचायचं नव्हतंच, जायचं आणि परत यायचं. आजही गणित तेच आहे. जहाजाने धक्का सोडला की रिकामी राहिलेली केबिन म्हणजे कालचं वर्तमानपत्र. उलट भाडं पाडून का होईना, माणूस आत आला की तो पेयं घेतो, किनाऱ्यावरच्या सहली घेतो, वाय-फाय घेतो, रात्री कॅसिनोत जाऊन बसतो. कंपनीला ते परवडतं. म्हणून आयत्या वेळी किंमत उतरते, हे खरं आहे.

चुकलाय तो मुहूर्ताला. लवकर बुकिंग करणाऱ्यांनी सुरुवातीला फक्त अनामत भरलेली असते. उरलेली रक्कम भरायची एक शेवटची तारीख असते. कंपनी आणि सफर किती लांबीची यावर ती ठरते, पण साधारण सुटण्याच्या ६० ते १२० दिवस आधी येते. ज्यांचं मन बदललेलं असतं ते या तारखेच्या तोंडावर रद्द करतात, कारण नंतर दंड बसतो. एकदम पुष्कळ केबिन्स मोकळ्या होतात, किती माल अंगावर पडलाय ते कंपनीला कळतं आणि किमती हलायला लागतात. म्हणजे डाव खरा रंगतो तो दोन-तीन महिने आधी. पंधरा दिवसांवर आल्यावर उरतं ते ताटात राहिलेलं. त्यातही आधी संपतात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात महागड्या, ऐसपैस केबिन्स, मग मधलं काहीबाही शिल्लक राहतं.

शिवाय जहाजं हल्ली भरून जातात. मोठ्या कंपन्यांच्या अहवालात भरणा १०० टक्क्यांच्या वर दिसतो, तेव्हा छपाईची चूक समजू नका. हिशोब दर केबिनमागे दोन माणसांचा असतो. तिसरं-चौथं माणूस धरलं की आकडा शंभरी ओलांडतो. आणि वर्षभर आधी पूर्ण पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला शेजारच्या केबिनवाल्याने निम्म्यात मिळवल्याचं जेवणाच्या टेबलावर कळतं, तेव्हा तो पुढच्या वर्षी लवकर बुकिंग करत नाही, हेही कंपन्यांना कळून चुकलंय. रॉयल कॅरिबियनने तर २०१५ मध्ये शेवटच्या दिवसांतली ही पडझड थांबवायचं धोरण जाहीरच केलं होतं. ज्याने तुमच्या नवऱ्याला पंधरा दिवसांचा मंत्र दिला, त्याची सफर किती वर्षांपूर्वीची होती ते एकदा विचारून बघा.

आता तुमचा पहिला प्रश्न: केबिनचे नंबर कोणते?

‘गॅरंटी केबिन’ हा शब्द ज्याने शोधला तो फार हुशार माणूस असणार. वाचून वाटतं, चला, काहीतरी पक्कं मिळालं. प्रत्यक्षात हमी एवढीच असते की तुम्ही ज्या वर्गाचे पैसे भरलेत त्याच्या खालचा वर्ग मिळणार नाही. कुठल्या मजल्यावर, पुढे की मागे, कुणाच्या डोक्याखाली, हे कंपनी ठरवणार आणि कधीकधी सुटायच्या दोन-तीन दिवस आधी सांगणार. मिळालेली जागा आवडली नाही तर बदलून मागायचा हक्क नाही. नशीब असेल तर वरच्या वर्गात ढकललं जातं, तेही होतं. म्हणूनच दोन धडधाकट माणसांसाठी हा मजेचा जुगार आहे.

मी तो खेळले आहे. सुटायला सहा दिवस राहिले असताना मी आणि माझी बहीण, दोघींनी गॅरंटीवर केबिन घेतली. मिळाली ती स्विमिंग पूलच्या बरोब्बर खाली. पहिल्या पहाटे साडेपाचला डोक्यावर खर्रर्र असा आवाज झाला, मला वाटलं नांगर टाकतायत. बहीण उठून बसली आणि लाइफ जॅकेट कुठे ठेवलंय ते बघायला लागली. वर आरामखुर्च्या ओढत होते. चार खुर्च्या, मग थांबा, मग पाण्याचा पाइप, मग पुन्हा चार. तिसऱ्या दिवशी आम्हाला तो ताल पाठ झाला होता आणि पाइपाच्या वेळी आम्ही कूस बदलून पुन्हा झोपत होतो. दोघी होतो, हसून घालवलं. तुमच्या बाबांना पहाटे साडेपाचला रोज असं उठवलं तर लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या फोटोत कसे चेहरे येतील ते तुम्हीच बघा.

सहा माणसांसाठी गॅरंटीची अडचण आणखी मोठी आहे. तुमचं बुकिंग तीन केबिन्सचं झालं, तर एक सहाव्या मजल्यावर पुढच्या टोकाला आणि दुसरी दहाव्यावर मागच्या टोकाला येऊ शकते. बुकिंग्ज एकमेकांना जोडून द्या असं सांगता येतं, पण त्याने जेवणाचं टेबल एक मिळतं, भिंत एक मिळेलच असं नाही. मुलं लहान आहेत, ती एकटी एका केबिनमध्ये चालणार नाहीत. कंपन्यांचे त्याबद्दल नियम असतात. मग तुम्ही चौघं एकात आणि आई-बाबा दुसऱ्यात, असा विचार कराल. त्यात एक मेख आहे, बऱ्याच जणांना ती ठाऊक नसते. जहाजाच्या प्रत्येक भागाला लाइफबोटी नेमून दिलेल्या असतात आणि त्या बोटींत जितक्या जागा, तितकीच माणसं त्या भागात चढवता येतात. शाळांच्या सुट्टीत कुटुंबं जास्त असतात, त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या बिछान्याची संख्या आधी भरते. केबिन रिकामी दिसते, तिच्यात भिंतीला दुमडलेले दोन बिछानेही असतात, पण चौथं माणूस टाकायला गेलात की यंत्र ‘उपलब्ध नाही’ म्हणतं. दहा दिवस थांबलात तर किमतीच्या आधी हेच हातचं जाईल.

म्हणून आजच फोन करा. संकेतस्थळावर बटणं दाबत बसू नका, जिवंत माणसाशी बोला आणि म्हणा: गॅरंटी नको, नंबर सांगा. आई-बाबांसाठी जहाजाच्या मध्यावर, लिफ्टपासून जवळ पण अगदी लिफ्टसमोर नाही अशी. समुद्राचं हेलकावणं मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर सगळ्यात कमी जाणवतं. मग त्या जहाजाचे मजल्यांचे नकाशे उघडा, ते सगळ्यांना बघायला मोकळे असतात. तुमच्या केबिनच्या वरच्या आणि खालच्या मजल्यावर त्याच जागी काय आहे ते बघा. वर केबिन, खाली केबिन, तर उत्तम. वर पूल किंवा स्वयंपाकघर, खाली नाट्यगृह, तर दुसरी मागा. तुमच्या दोन केबिन्सच्या मधे दार असेल तर सोन्याहून पिवळं; तेच दार अनोळखी शेजाऱ्यांकडे उघडत असेल तर त्यांचा टीव्ही तुम्हालाही ऐकू येतो. खिडकीची केबिन स्वस्त दिसली तर ‘दृश्य अडलेलं आहे का’ विचारा, नाहीतर सात दिवस लाइफबोटीची नारिंगी पाठ बघत बसाल. नंबर पसंत पडले की ते एक दिवस धरून ठेवता येतात का विचारा. इतक्या उशिरा सगळे तयार होत नाहीत, पण विचारायला काय जातं?

दुसरा प्रश्न कागदांचा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, आणि तुमच्या पत्रात त्याबद्दल अक्षरही नाही, म्हणून मला जरा धास्ती वाटते.

ही सफर ग्रीसमधून सुटते, तुर्कस्तानला जाते आणि परत ग्रीसमध्ये येते. ग्रीस शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात; तुर्कस्तान बाहेर. तुमच्या पासपोर्टला शेंगेन व्हिसा लागत असेल तर तो एकदाच प्रवेश देणारा असून चालत नाही, कारण तुर्कस्तानातून परत येताना तुमचा दुसरा प्रवेश होतो. व्हिसा अर्जावर निर्णयाला सर्वसाधारणपणे १५ दिवस लागतात आणि काही प्रकरणांत ते ४५ पर्यंत लांबू शकतात; भेटीची वेळ मिळायला लागणारे दिवस वेगळे. पाच आठवड्यांत सहा माणसांचे कागद हे गणित कागदावरही तंग आहे. पासपोर्टची मुदत शेंगेनमधून बाहेर पडायच्या दिवसानंतर निदान तीन महिने उरलेली हवी, आणि कित्येक देश व कंपन्या सहा महिने मागतात. मुलांचे पासपोर्ट कमी वर्षांचे असतात, ते संपलेले असायची शक्यता जास्त. तुर्कस्तानसाठी तुमच्या पासपोर्टला काय लागतं ते वेगळं तपासा. ‘आम्ही जहाजातून उतरणारच नाही’ हे उत्तर धक्क्यावर चालेल असं धरून चालू नका.

कागद अपुरे निघाले तर जहाजावर घेत नाहीत आणि पैसेही परत देत नाहीत. कागद पूर्ण असणं ही प्रवाशाची जबाबदारी, असं त्यांच्या करारात सरळ लिहिलेलं असतं. आणि एक गोष्ट तुमच्या नवऱ्याच्या हिशोबात आलेली नसेल: शेवटच्या पैशांची तारीख उलटून गेल्यावर बुकिंग केलंत की अनामत वगैरे प्रकार नसतो, पूर्ण रक्कम जागच्या जागी भरावी लागते. रद्द करायचा दंडही त्याच मिनिटापासून लागू होतो. सुटायची तारीख जवळ येते तसा तो पायरीपायरीने चढतो आणि शेवटच्या टप्प्यात पूर्ण रक्कम जाते. वर्षभर आधी घेतलेल्या माणसाला मन बदलायला महिने मिळतात, तुम्हाला रात्रभरही मिळत नाही. उतरलेल्या किमतीत हेही धरलेलं आहे.

तेव्हा व्हिसा हातात असतील किंवा लागतच नसतील, तर पुढे वाचा. नसतील तर पुढचं वाचायची गरज नाही, सरळ शेवटाकडे जा.

तिसरा प्रश्न, पिरेअसला पोचायचं कसं आणि ते धरून किती पडतं.

समजा भाडं १०० होतं ते ७० झालं. तीस वाचले म्हणून घरात आनंद. पण ते ७० फक्त भाड्याचे आहेत. बंदराचे कर, दर माणशी दर दिवशीची टिप हे धरलेलं आहे की नाही ते विचारा. या दोन गोष्टी उतरत नाहीत. सूट असो नसो, तेवढ्याच राहतात. मग सहा जणांची विमानाची तिकिटं, तीही पाच आठवड्यांवर आणि शाळांच्या सुट्टीत. जहाजाचं भाडं दिवस जवळ येईल तसं उतरू शकतं, विमानाचं सहसा चढतं. तुमचा नवरा थांबलाय पहिल्यासाठी आणि घड्याळ चालतंय दुसऱ्याचं. आयत्या वेळच्या सवलतीत खरी चांदी होते ती बंदरापासून गाडीने जाता येईल अशा अंतरावर राहणाऱ्या, शाळेची बंधनं नसलेल्या, दोघांतल्या दोघांची. तुम्ही यातलं काहीच नाही आहात.

विमान एक दिवस आधीचं घ्या, आणि त्या रात्रीचा हॉटेलचा खर्च हिशोबात धरा. त्याच दिवशी पोचणाऱ्या विमानाच्या भरवशावर जहाज पकडू नका. प्रवासी यादी बंद होते, जहाजात चढायची वेळ सुटण्याच्या तास-दीड तास आधीच संपते, आणि कुणासाठी थांबणं जहाजाला परवडत नाही. अथेन्सचा विमानतळ शहराच्या एका बाजूला आणि पिरेअस दुसऱ्या बाजूला आहे. २०२२ पासून दोन्हींमध्ये थेट मेट्रो आहे, तासाभराची, पण आईंचे गुडघे आणि सहा जणांच्या बॅगा बघता मोठी टॅक्सी केलेली बरी.

सगळं एका कागदावर मांडा. मग त्याच कागदाच्या दुसऱ्या अंगाला, सहा महिन्यांनंतरची तशीच सफर आज बुक केली तर काय पडतं ते लिहा. मला दाट शंका आहे की दोन्ही आकडे एकमेकांच्या बरेच जवळ येतील.

आई-बाबांबद्दल थोडं. विमा बुकिंगच्याच दिवशी घ्या, नंतर बघू म्हणू नका. बाबांचा मधुमेह अर्जात स्पष्ट लिहा. आधीपासूनचा आजार लपवला की दावा तिथेच नाकारतात, आणि काही विम्यांत अशा आजाराला संरक्षण हवं असेल तर पैसे भरल्यापासून ठराविक दिवसांतच विमा घ्यावा लागतो. समुद्रातून रुग्णालयापर्यंत हलवायचा खर्च त्यात आहे ना, हे शब्द शोधून वाचा. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याचं बिल तुमच्या केबिनच्या खात्यावर चढतं. केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर इन्सुलिनचा भरवसा ठेवू नका, कित्येकदा तो नुसता गार असतो, नीट थंड नसतो. आधी कळवलंत तर औषधांसाठी व्यवस्था होते, वापरलेल्या सुया टाकायला डबाही देतात. आणि इन्सुलिन हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात त्या केबिनच्या दाराशी संध्याकाळपर्यंत येतात, कधी त्याहून उशिरा.

आईंसाठी मला भाड्यापेक्षा मार्गाची जास्त काळजी आहे. सँटोरिनी या ग्रीक बेटावर मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, समुद्रातच उभी राहतात आणि छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतात. हलत्या बोटीत पाय टाकायचा तो एक क्षण दुखऱ्या गुडघ्यांना अवघड जातो. खलाशी दोन्हीकडून हात धरतात, पण पाय आपलाच उचलावा लागतो. जुन्या बंदरावर उतरलं की गाव थेट डोक्यावर, कड्याच्या माथ्यावर. वर जायला जवळजवळ ६०० पायऱ्या, खेचरं किंवा केबल कार. केबल कारची रांग अनेक जहाजं एकदम आली की लांबच लांब होते. वाटल्यास आई-बाबांनी त्या दिवशी जहाजावरच राहावं. सगळे उतरलेले असतात, डेक मोकळा असतो आणि तो कडा पाण्यातूनच सुंदर दिसतो. जहाज तुर्कस्तानातल्या कुशादासीला जात असेल तर तिथे ते धक्क्याला लागतं, एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष तिथून जवळ आहेत. पण तिथली वाट जुन्या संगमरवराची, गुळगुळीत आणि उंचसखल आहे. काठी आणि रबरी तळव्याचे बूट न्यायला सांगा. ऱ्होड्सला जुनं गाव धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मार्गात काय काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणून प्रत्येक बंदरापुढे ‘धक्का की छोटी बोट’ एवढं विचारून घ्या. आणि बाथरूमचा उंबरठा. जहाजावर तो बऱ्याचदा उंच असतो, रात्री अंधारात पाय अडकतो. उंबरठा नसलेल्या, रुंद दाराच्या केबिन्स थोड्या असतात आणि लवकर जातात. गॅरंटीत त्या मागता येत नाहीत, हे आणखी एक.

किनाऱ्यावरच्या सहलींबद्दल एवढंच, की लांबचं ठिकाण असेल तर जहाजाकडूनच सहल घ्या, महाग पडली तरी. त्यांची बस उशिरा आली तर जहाज सहसा थांबतं. तुम्ही स्वतः केलेली टॅक्सी अडकली तर थांबत नाही. वरच्या डेकवर कठड्याशी उभं राहून, धक्क्यावरून जिवाच्या आकांताने पळत येणाऱ्यांना टाळ्या वाजवून धीर देणारे प्रवासी मी पाहिलेत. एकदा एक जोडपं पोचलं तेव्हा शिडी उचलून झालेली होती. बाईंच्या हातात दोन मोठ्या कागदी पिशव्या होत्या आणि त्या तशाच धरून त्या बराच वेळ उभ्या होत्या. टाळ्या थांबल्या होत्या.

तर, केबिनचे नंबर चांगले मिळाले, कागद हातात आहेत आणि एकूण बेरीज तुम्हाला पटली, तर परवा घेऊन टाका. घेतल्यानंतर त्या सफरीची किंमत पुन्हा बघायची नाही, ही अट मात्र नवऱ्याला घाला. घेतल्याच्या रात्रीच जहाजावरच्या वेळा राखून ठेवा: रात्रीचं जेवण किती वाजता, शो कुठले. लवकर आलेल्यांनी चांगल्या वेळा घेतलेल्या असतील, पण लोक रद्दही करतात, रोज एकदा डोकावलं की जागा सापडते. पेयांचं किंवा वाय-फायचं पॅकेज हवं असेल तर आधीच घ्या, जहाजावर गेल्यावर तेच सहसा महाग पडतं. आणि पहिल्या दिवशीचा सुरक्षिततेचा सराव चुकवू नका, मुलं कुरकुरली तरी. जानेवारी २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ला अपघात झाला तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम बदलला. आता सराव जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावा लागतो. आईंना त्यांच्या जमायच्या जागेपर्यंत जिन्याने जायला किती वेळ लागतो ते तेव्हाच बघून ठेवा, कारण खऱ्या प्रसंगी लिफ्ट वापरायची नसते.

आणि एखादं उत्तर वाकडं आलं तर वाईट वाटून घेऊ नका. चाळीस वर्षं टिकलेलं लग्न आणखी सहा महिने आरामात टिकेल. मुलांच्या पुढच्या सुट्टीतली सफर आज निवडा, पण परत मिळणारी अनामत आहे ना हे बघून. न मिळणारी अनामत थोडी स्वस्त असते, तिच्या नादी लागू नका. हव्या त्या शेजारशेजारच्या केबिन्स नंबरासकट घ्या. मग तुमच्या नवऱ्याला कामाला लावा. शेवटच्या पैशांची तारीख येईपर्यंत त्याने रोज किंमत बघायची. उतरली, तर त्याच केबिन्स नव्या किमतीला लावून द्या असं कंपनीला सांगायचं. बऱ्याच ठिकाणी ते करतात, निदान फरकाची रक्कम जहाजावर खर्चायला देतात, आणि नाहीच जमलं तर रद्द करून नव्याने घ्यायची मुभा असते. ‘अजून उतरेल’ म्हणायला त्याला महिनोन् महिने मिळतील. फरक एवढाच, की तोवर केबिन तुमच्या नावावर असेल.

आयत्या वेळची गंमत त्याला हवीच असेल तर कधीतरी मुलांना आई-बाबांकडे सोडून तुम्ही दोघंच निघा. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जहाजं हंगाम बदलायला अटलांटिक ओलांडून कॅरिबियनहून भूमध्य समुद्रात किंवा उलट जातात. दिवसेंदिवस नुसतं पाणी, बंदरं मोजकी, परतीचं विमान मात्र वेगळं काढावं लागतं. रात्रीच्या हिशोबाने त्याइतकं स्वस्त क्वचितच काही मिळतं. त्यात गॅरंटी केबिन बिनधास्त घ्या. पूलच्या खाली मिळाली तर चार खुर्च्या, थांबा, पाइप, हे लक्षात ठेवा.

आज रात्री पहिलं काम: सहाही पासपोर्ट टेबलावर काढा. बाबांचा आधी उघडा. आणि हे उत्तर नवऱ्याला वाचून दाखवणार असाल तर ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’पासून सुरुवात करा, तिथे मी त्याच्या बाजूने आहे.